पाहायला की दर्शनाला

लोणारच्या विवरात उतरणारी पायवाट संपते आणि झाडीपलीकडे कमळजादेवीचे काळ्या दगडाचे देऊळ दिसू लागते, त्या वळणावर नारळ, हळद-कुंकू आणि हिरवे खण पुढ्यात मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने, माझ्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे आणि हातातील वहीकडे एकवार निरखून पाहून, मला विचारले, "पाह्याले आले का बापा, का दर्शनाले?" हे गिऱ्हाईक नारळ घेणारे आहे की नाही, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते, पण जो मनुष्य याच जिल्ह्यात जन्मला, ज्याने याच देवीच्या ओटीसाठी आईचा पदर धरून हाच उतार अनेकदा पायांखाली घातला, त्याला या दोन शब्दांपैकी एकही आपला म्हणून उच्चारता येऊ नये, याचे मला त्या क्षणी मोठे वैषम्य वाटले. मी नारळ घेतला, पैसे दिले आणि काही न बोलता पुढे गेलो.

माझे बालपण मेहकर तालुक्यात, पैनगंगेच्या काठच्या एका खेड्यात गेले. नवरात्रात लोणारला जायचे म्हणजे आई पहाटे उठून दशम्या भाजी, ठेचा एका जुन्या डब्यात दाबून भरी आणि पहिल्या एसटीने आम्ही निघत असू. लोणारला पोचल्यावर आधी धारेवर स्नान, मग विष्णुरूप दैत्यसूदनाला नमस्कार आणि उन्हे चढण्यापूर्वी विवरात उतरून देवीची ओटी, हा क्रम ठरलेला असे आणि तो कधी मोडला नाही. त्या यात्रांतील माझ्याजवळ आज उरलेल्या आठवणी मोजक्या आहेत: गोमुखातून डोक्यावर पडणाऱ्या धारेचा गारठा, ओल्या लुगड्यांचा वास, उतारावर टाचेखाली सरकणारा मुरूम, आणि खाली पोचताच नाकात शिरणारा त्या खाऱ्या पाण्याचा उग्र दर्प. "लोणासुराचं पाणी हाय ते, तोंडात घालू नको," असे आई दरवर्षी बजावी. देवळांच्या भिंतींवर काय कोरले आहे, हे मला ठाऊक नव्हते आणि तिलाही नसावे. भिंतीकडे तिचे लक्षच जात नसे. तिच्या लेखी ती देवाच्या घराची भिंत होती, आणि आप्तांच्या घरी गेल्यावर कोणी भिंती न्याहाळीत बसत नाही.

पुढे नोकरीच्या निमित्ताने जिल्हा सुटला. शहरातील एका जुन्या ग्रंथालयात, पावसाळ्यातील एका सुट्टीच्या दिवशी, माया लोकांच्या उद्ध्वस्त नगरांवरील एक जाड ग्रंथ माझ्या हाती आला, आणि त्यातील फ्रेडरिक कॅथरवुड या इंग्रज चित्रकाराच्या चित्रांनी मला असे काही बांधून टाकले की संध्याकाळी दिवे लागेपर्यंत मी जागचा हललो नाही. न्यूयॉर्कचा वकील जॉन लॉइड स्टीफन्स हा 1839 साली या चित्रकाराला बरोबर घेऊन मध्य अमेरिकेच्या अरण्यात शिरला. कोपान येथील भग्नावशेषांची जागा त्याने तिच्या मालकाकडून पन्नास डॉलरांना विकत घेतली, आणि चिखलात उभा राहून, डासांच्या भयाने हातमोजे घालून, कॅथरवुडने तेथील शिलास्तंभांची एकेक रेषा कागदावर उतरविली. 1841 आणि 1843 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांनी साऱ्या पाश्चात्त्य जगाचे लक्ष उश्माल, चिचेन इत्सा, पालेंके या नावांकडे वेधले. अशी माहिती वाचीत असता माझ्या मनात त्या दूरदेशी जाण्याची, वेलींनी वेढलेल्या त्या पायऱ्या चढण्याची, एक तीव्र अभिलाषा उत्पन्न झाली. आणि जगाचा नकाशा उघडून मी युकातान द्वीपकल्प शोधू लागलो.

नकाशावर उश्माल 20 अंशांच्या अक्षवृत्ताच्या किंचित वर सापडले. त्या रेषेवर बोट ठेवून, अटलांटिक ओलांडून, आफ्रिकेचे वाळवंट आणि अरबस्तान मागे टाकून मी पूर्वेकडे सरकत आलो, तो बोट थेट वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी येऊन थांबले. लोणार त्याच अक्षवृत्ताच्या किंचित खाली आहे. सूर्य ज्या दिवशी बरोबर डोक्यावर येऊन माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी करतो, तो दिवस या दोन्ही ठिकाणी मे महिन्यात अवघ्या एक-दोन दिवसांच्या अंतराने येतो आणि जुलैच्या उत्तरार्धात पुन्हा एकदा येतो. परक्यांची पडकी देवळे पाहण्यासाठी पृथ्वीची अर्धी प्रदक्षिणा घालावयास निघालेल्या मला, आपल्या अंगणातील देवळे आपण अद्याप एकदाही पाहिलेली नाहीत, याची जाणीव त्या नकाशाने करून दिली. पुढच्या जानेवारीत मी रजा काढली आणि लोणारला मुक्कामाला गेलो. या वेळी जाणूनबुजून प्रवासी म्हणून, वही आणि कॅमेरा घेऊन, जणू या गावात माझे कोणी ओळखीचे नाही अशा वृत्तीने.

दैत्यसूदनाच्या देवळात शिरताना उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्यांना प्रथम काहीच दिसत नाही. त्या दिवशी तेथे असलेल्या एका वयस्क गृहस्थाने माझी वही पाहून स्वतःहून पुढाकार घेतला. त्याने कोनाड्यातून हातभर लांबीचा एक आरसा काढला, दाराबाहेर पायरीवर पोराला उभे केले, आणि त्या पोराने पकडलेला सूर्यप्रकाशाचा तुकडा सभामंडपाच्या छतावर नेऊन ठेवला. मी आजवर ज्या छताखाली किमान पंचवीस वेळा हात जोडून उभा राहिलो होतो, ते छत त्या क्षणी मी जन्मात प्रथम पाहिले. आरशातील उजेड पोराच्या हाताबरोबर थरथरत होता, आणि त्याच्या थरथरण्याने नरसिंहाच्या मांडीवरील हिरण्यकशिपू धडपडतो आहे असा भास होत होता. उजेड पुढे सरकला की मागची आकृती पुन्हा अंधारात विलीन होई आणि पुढची जागी होई. पाऊण तास आम्ही तिघे मान वर करून उभे होतो.

त्या छताची रचना मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यातच माझ्या दोन टोकांच्या यात्रेची गाठ पडते. चार खांबांवर चार तुळया ठेवल्या की एक चौकोन होतो. त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकल्या की आत तिरका, त्याहून लहान चौकोन उरतो. त्यावर पुन्हा तशाच शिळा, पुन्हा लहान चौकोन, आणि अखेरीस उरलेल्या वीतभर रिकाम्या जागेवर कमळ कोरलेली एकच शिळा. प्रत्येक दगड आपल्या खालच्या दगडापेक्षा थोडा पुढे सरकतो आणि पाठीवरच्या ओझ्याने जागी राहतो. कमान या वास्तूंना ठाऊक नाही. माया स्थपतींनाही ती ठाऊक नव्हती. त्यांच्या दालनांच्या दोन्ही भिंती अशाच थराथराने एकमेकींकडे झुकत जातात आणि वर एका सपाट शिळेने त्यांचे मुख बंद होते. ज्यांनी एकमेकांचे नावही कधी ऐकले नव्हते, अशा दोन दूरस्थ समाजांतील पाथरवटांनी दगडाच्या वजनाला एकाच युक्तीने वश करावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र साम्य येथेच थांबते. युकातानची भूमी चुनखडीची. तेथील कारागिराला चुन्याची ददात नव्हती आणि त्याच्या भिंती चुन्याच्या गिलाव्यात घट्ट बसलेल्या आहेत. आमच्याकडे काळा पाषाण, आणि त्यात चुन्याचा कणही न घालता दगड दगडावर इतका नेमका घासून बसविलेला की सांध्यात सुरीचे पाते शिरू नये.

अशा बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी पुष्कळ देवळे त्याच्याही पूर्वीची आहेत, हे अभ्यासकांनी केव्हाच दाखविले आहे. पण वऱ्हाडात आजही कोणत्याही जुन्या काळ्या देवळाजवळ उभे राहून विचारले तर, हेमाडपंताने ते एका रात्रीत उभे केले आणि कोंबडा आरवल्यामुळे काम अर्धवट राहिले, असे उत्तर मिळते. मला ही कथा प्रिय आहे. शिखर का नाही, या प्रश्नाला कोंबड्याच्या आरवण्याइतके समाधानकारक उत्तर मला कोणत्याही सरकारी फलकावर वाचावयास मिळालेले नाही.

दुपारी विवराच्या काठावर येऊन बसलो. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते गोल खोल पात्र, तळाशी हिरवट पाण्याचे तबक, भोवती रानाची कड. आणि पाण्याच्या काठाने झाडीत लपलेली लहान लहान देवळे, त्यांतील कित्येक देवाविना, कित्येक छताविना. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केल्यापासून हे ज्वालामुखीचे मुख आहे असे दीर्घकाळ समजले जात होते; 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हा अशनिपाताचा खड्डा असल्याचे निःसंशय दाखविले. त्याचे वय काही शास्त्रज्ञ पन्नास हजार वर्षे धरतात, काही साडेपाच लाखांच्या पुढे नेतात. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत येथील खाराची, काच आणि साबण यांस लागणाऱ्या द्रव्यांची आणि त्यावरील महसुलाची दखल घेतली आहे. पुढे या पापडखाराचे इजारे दिले जात आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा त्याच्या प्रती बाजारात ओळखल्या जात. 2020 च्या जूनमध्ये सारे पाणी गुलाबी झाले तेव्हा, आणि त्याच वर्षी रामसर करारान्वये हे सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ ठरले तेव्हा, त्याचे नाव वर्तमानपत्रांतून दूरवर पोचले. लोणासुराची कथा ज्यांनी रचली, त्यांनी मात्र या पाण्याच्या खारेपणाची मीमांसा आपल्या परीने फार पूर्वीच करून ठेवली होती: विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडविले, आत दडलेला दैत्य मारला आणि त्याच्या रक्ताने हे कुंड भरले. आकाशातून काही आले आणि जमीन फाटली, इतका या कथेचा गाभा विज्ञानाशी अनायासे जुळतो. मी त्यावर अधिक भार टाकीत नाही.

पण त्या काठावर बसून मला पुन्हा युकातान आठवले, त्याचे कारण निराळे. लोणार ज्या काळ्या पाषाणात कोरले गेले, तो दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. आणि त्याच सुमारास युकातानच्या उत्तर किनाऱ्यावर चिक्शुलुब येथे जो अशनी आदळला, त्याने सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे विवर पाडून डायनोसॉरांचा वंश संपविला. ते विवर आज जमिनीखाली गाडलेले आहे. त्याची कड कोठून जाते, हे वर दिसते ते केवळ गोड्या पाण्याच्या खोल नैसर्गिक विहिरींच्या एका अर्धवर्तुळावरून. नद्या नसलेल्या त्या प्रदेशात अशा विहिरी हाच माया लोकांचा जीवनाधार होता. चिचेन इत्सा येथील पवित्र विहिरीत त्यांनी पर्जन्यदेवतेला सोने, जेड आणि माणसेही अर्पण केली. पाणी जेथे सापडले तेथे त्यांनी देव मानला, आणि आम्हीही धारेच्या गोमुखावर तेच केले. विवराच्या कडेतून बारमाही झरणारी ही गोडी धार खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळते, आणि जेथे ती मिसळते त्या वाटेवर एकामागून एक देवळे उभी आहेत.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो. 'लुप्त झालेली माया संस्कृती' असे शब्द प्रवासी पुस्तकांतून सर्रास छापलेले असतात आणि मीही ते बिनदिक्कत खरे मानले होते. वस्तुतः स्टीफन्सला वाट दाखविणारे, कुऱ्हाडीने वेली तोडून त्याला उश्मालच्या पायऱ्या मोकळ्या करून देणारे मजूर माया भाषाच बोलत होते, आणि ही नगरे याच लोकांच्या पूर्वजांनी उभारली असा निष्कर्ष स्टीफन्सने त्या काळी निर्भयपणे मांडला, हे त्याचे मोठेपण आहे. 1562 साली मानी या गावी फ्रान्सिस्कन पाद्री दिएगो दे लांदा याने त्यांची चित्रलिखित पुस्तके आणि मूर्ती अग्नीच्या स्वाधीन केल्या. आज जगात त्यांच्या केवळ चार जुन्या पोथ्या शिल्लक आहेत. पण लोक संपले नाहीत. त्यांची संख्या आजही लक्षावधींत आहे, आणि ग्वातेमालातील तिकालच्या प्रांगणात, तिकीट काढून आलेल्या प्रवाशांच्या गर्दीत, माया पुरोहित आजही अग्नी प्रज्वलित करून त्यात कोपालचा धूप घालतात. तेथे एकाच दगडाभोवती दोन प्रकारची माणसे उभी असतात, आणि त्यांतील एकाचे ते देऊळ असते.

कमळजेच्या देवळात त्या दिवशी मी हेच पाहिले. एक नवविवाहित जोडपे ओटी भरीत होते, एक कुटुंब नवस फेडावयास आले होते, आणि पलीकडे शहरातून आलेली काही मुले पडक्या मंडपाच्या खांबाला टेकून छायाचित्रे घेत होती. त्यांतील एका खांबावर कोणीतरी आपले नाव आणि एका मुलीचे नाव टोकदार दगडाने कोरले होते; ज्या खांबावर कित्येक शतकांपूर्वीच्या छिन्नीची वळणे अजून जिवंत आहेत, त्याच्यावर. मला संताप आला, तो अद्याप शमलेला नाही. पण माझ्या मनात असेही आले की, माझ्या आईने त्या खांबावर नाव कोरलेले पाहिले असते तर तिने त्या मुलाला कलेचा इतिहास सांगितला नसता, "देवाच्या घरात असं करत्यात का?" एवढेच विचारले असते, आणि तो मुलगा खाली मान घालून गेला असता.

पाहणाऱ्यांनी केलेले नुकसान मोठेच आहे, हे नाकारता येत नाही. चिचेन इत्साच्या त्या पवित्र विहिरीतून एडवर्ड थॉम्प्सन याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी गाळ उपसून काढलेला ऐवज अमेरिकेतील हार्वर्डच्या संग्रहालयात रवाना झाला. त्यातला काही भाग पुढे कित्येक दशकांनी परत आला. आमच्या मेहकरात 1888 साली जमीन खणताना शार्ङ्गधराची प्रचंड मूर्ती निघाली, सुमारे 11 फूट उंचीची, काळ्या दगडाची, सर्वांगावर दागिन्यांचे कोरीव काम असलेली. ती विलायतेस नेण्याचा सरकारी बेत शिजत असता, हुकूम येऊन थडकण्यापूर्वीच गावकऱ्यांनी तिची प्रतिष्ठापना करून टाकली, असे मेहकरात अभिमानाने सांगतात. त्या गावकऱ्यांचे ऋण मी मानतो. पण ते ऋण मानीत असतानाच हेही सांगणे भाग आहे की, देव म्हणून ज्यांची पूजा थांबली त्या दगडांना आमच्या भक्तीने राखले नाही. कोरीव शिळा बांधावर गेल्या, नक्षीदार खांब गोठ्याला लागले, वीरगळांवर कपडे धुतले गेले. त्यांना राखले ते पाहणाऱ्यांनी: मोजमापे घेणाऱ्यांनी, नकाशे काढणाऱ्यांनी, पुरातत्त्व खात्याच्या पगारावर उन्हात उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्यांनी. सिंदखेडराजात लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या आवारात डागडुजीचे काम चालू असता 2024 च्या जूनमध्ये शेषशायी विष्णूची जी देखणी मूर्ती मातीखालून वर आली, ती कुदळीच्या एका बेफिकीर घावाने भंगू शकली असती. मातीचा थर हाताने आणि कुंचल्याने दूर करणाऱ्यांनी ती अभंग आपल्यापुढे ठेवली. जिजाऊंचे जन्मगाव म्हणून तेथे दरवर्षी 12 जानेवारीला लोटणारा जनसमुदाय नमस्कारासाठी येतो. त्याने राजवाड्याबरोबर नीलकंठेश्वराचे जुने देऊळ आणि पुतळा बारव हीही थांबून पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

गेल्या मे महिन्यात मी पुन्हा लोणारला गेलो. युकातानला मी अजून गेलेलो नाही. मेच्या मध्याला काही दिवस, मध्यान्हाच्या थोडे आधी, सूर्याचा किरण दैत्यसूदनाच्या गाभाऱ्यातील मूर्तीवर येतो. त्याला तेथे किरणोत्सव म्हणतात. चिचेन इत्साच्या पिरॅमिडवर विषुवदिनी सावलीचा सर्प उतरतो, तो पाहण्यासाठी हजारो लोक जमतात हे मी वाचले होते. दैत्यसूदनाच्या देवळात आम्ही तीस-चाळीस जण होतो. गावातल्या बायका होत्या, छत्रपती संभाजीनगरकडून आलेले दोन विद्यार्थी होते, आरसा धरणारा तो पोर आता मिसरूड फुटलेला तरुण झाला होता. किरण आला तेव्हा कोणी बोलले नाही. बायकांनी हात जोडले. विद्यार्थ्यांनी भ्रमणध्वनी वर धरले आणि मग, मूर्तीचा चेहरा उजळला तसे, त्यांतील एकाने तो खिशात घालून हात जोडले. मी वही उघडली होती. मी मूर्तीचे मुख पाहिले, मुकुटाची नक्षी पाहिली, पायाखालचा दैत्य पाहिला, आणि वेळ लिहून घेतली. मग मीही नमस्कार केला.

त्याच दिवशी कमळजेला गेलो, तो नारळवालीची जागा रिकामी होती. अलीकडे सरोवराचे पाणी चढल्याने काठची काही देवळे पाण्यात उभी आहेत आणि खालची वाटही पूर्वीची राहिलेली नाही. ज्यांना ती देवळे पाहावयाची असतील किंवा त्यांचे दर्शन घ्यावयाचे असेल, त्यांनी फार दिवस लांबणीवर टाकू नये. मेमध्ये आलात तर अकराच्या आत दैत्यसूदनात पोचा, आणि छतासाठी एक आरसा बरोबर आणा.